रांगेत लावलेले देव

पंचलालने अर्ध्या वाटेत मला विचारलं, "वहिनी, आपला देव तुम्हाला ओळखू येईल ना?"

"का? तू काय तिथे डोळे मिटून बसणार आहेस?"

"दादा होता तोवर मी कधी नीट बघितलंच नाही. त्याच्या पाठीमागे बसायचो."

"पंचावन्न वर्षं येतेय मी," म्हटलं. "चल पुढे."

पंचलाल माझा धाकटा दीर. माझा नवरा गेल्यावर कुळात वयाने मोठा तोच, म्हणून पूजेला पुढे बसायचा मान त्याच्याकडे आला. बायकांत थोरली मी. मागचं साल सुतकात गेलं, म्हणून दोन वर्षांनी आम्ही कीर्तिपूरहून या डोंगरधारेने वर निघालो होतो. माझा नातू रबिन कोंबड्याची डाली घेऊन पुढे, मागे त्याची बायको निरुशा. तिच्या पाठीवर पोहे, भाजलेले सोयाबीन, बदकाची अंडी आणि घरच्या दारूची बाटली. तरी चढावर धापा मी टाकत होते आणि ती पोरगी गुणगुणत होती.

सगळी धडपड तिच्यासाठी. मार्गशीर्षात लग्न झालं, पण दिगुदेवापुढे, म्हणजे आमच्या कुळाच्या देवापुढे बसवल्याशिवाय सून कुळातली होत नाही. तोवर माडीवरच्या देवघरात तिने पाऊल टाकायचं नाही. सहा महिने ती जिन्यात उभी राहून हाक मारायची, "आजी, घागर आणलीय," आणि ती घ्यायला मी उतरायचे. माझे गुडघे काही लोखंडाचे नाहीत.

वर पोचलो आणि मी थांबलेच. देवीच्या देवळामागे पूर्वी झाडी होती. प्रत्येक कुळाचा देव म्हणजे एक दगड. कुणाचा झाडाच्या मुळांत रुतलेला, कुणाचा खळग्यात, ज्याचा त्याचा ज्याला त्याला ठाऊक. आता तिथे फरशी होती. कुठल्याशा समितीने डोंगर सुंदर करायला घेतला होता. कठडा, बाकडी, कचऱ्याचा डबा, आणि भिंतीलगत सगळे दगड उचलून शाळेतल्या पोरांसारखे ओळीने उभे केलेले. एकोणीस. सगळ्यांना सारखाच शेंदूर.

पंचलाल ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला. "वहिनी, हा."

"मघाशी तो म्हणालास."

"तो पण वाटतोय."

"देव आहे की भाजी? वाटतोय म्हणे."

रबिन म्हणाला, "आजी, कुठलाही चालेल ना? सगळे देवच."

"कुठलाही चालेल? भलत्याच कुळाच्या देवापुढे तिला बसवलं तर ती त्यांच्या घरची झाली. मग घरी कुणाला नेणार आहेस, कोंबड्याला?"

निरुशाचं गुणगुणणं थांबलं होतं. मी बोट पाचव्या दगडावर ठेवलं. का, ते विचारू नका. बोट कुठेतरी ठेवायला हवंच होतं. "हा. डोकं चपटं आहे. मांडा ताट."

ताट मांडतोय तोवर मागून आवाज आला, "ए बाई, तो देव आमचा."

पाटणची एक म्हातारी होती, हेरामाया नावाची. दोन मुलगे आणि एक बकरा घेऊन आली होती.

"कशावरून तुमचा?"

"डोकं चपटं आहे."

"सगळ्यांचीच चपटी आहेत. पावसाने झिजलीत."

"मग तुमचा तरी कशावरून?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी निरुशाने विचारलं, "आजी, तुम्हाला लग्नानंतर इथे आणलं, तेव्हा देव कसा होता?"

मी आठवू लागले. डोक्यावरून शाल ओढलेली. मानेवर सासूचा हात. माझे गुडघे, पितळी ताट, अंड्यावर सांडलेलं कुंकू. आणि पुढची चौपन्न वर्षं? पुरुष पुढे पूजेला, आम्ही मागे चुलीपाशी, धुरात, आलं चिरत. सगळ्यांच्या पाठी मला पाठ आहेत. नवऱ्याची डावी बाजू जरा खाली होती. दगड मी बघितलाच नव्हता.

पंचलाल माझ्याकडे बघत होता. त्याच्यासमोर मी हयातीत 'माहीत नाही' हे शब्द काढले नव्हते. पण चूक झाली तर तिचा बोजा त्या पोरीने जन्मभर वाहायचा होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

हेरामाया बाकावर बसली. म्हणाली, "मलाही नाही गं. सासऱ्यांना ठाऊक होतं."

"मग तोंड कशाला चालवलंस?"

"तुझं चालत होतं म्हणून."

मी तिला सुपारी दिली. ती म्हणाली, "आधी तुम्ही घ्या हा, तुमच्याकडे सून आहे. आम्ही पुढचा घेतो. पण दोघांचा देव एकच निघाला तर आपण भाऊबंद. मग सोयरीक बंद. तुमच्यात लग्नाचा मुलगा आहे?"

"आहे एक. कान मोठे आहेत."

"मग बंद झाली तरी चालेल."

निरुशाला पाचव्यापुढे बसवलं. बसल्या बसल्या तिने मान खाली घातली. मी हनुवटीला धरून ती वर केली. "बघ. खालच्या बाजूला भेग आहे. नीट बघून ठेव."

"पण हा आपलाच का, आजी?"

"ते मला विचारू नकोस. तू बघून ठेव."

ती पापणी न लववता बघत राहिली. पंचलालने कोंबडा कापला, रक्ताची धार दगडावर पडली, तरी तिने मान वळवली नाही. मीही तिच्या खांद्यावरून पहिल्यांदाच नीट बघितलं. दगड होता. ओळख काही पटली नाही.

उतरताना पंचलाल माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, आता मला वाटतंय तो सातवा होता."

"वर परत जातोस?"

तो गेला नाही. पुढे निरुशा उतरत होती, रिकामी टोपली पाठीवर आपटत. तिच्या चालीकडे बघून ती आमची झाली की पाटणची, काही कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने घागर भरली आणि सवयीने जिन्यात उभी राहिली. "आजी, वर आणू?"

मी उतरायला पाय टाकला होता, तो मागे घेतला. मग म्हटलं, "आण."