बांधावर उगवलेली केरसुणी

मी एक जुनी केरसुणी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझ्याकडे असं टक लावून बघू नका. मला लाज वाटते. झिजले म्हणून नाही हो, झिजणं हा तर माझा धंदाच आहे. पण माझं कौतुक झालं आणि त्या कौतुकानं एका चांगल्या घराची मान खाली गेली, हे काही माझ्या मनातून जात नाही. केरसुणीला कसलं आलंय मन, असं म्हणून हसाल. हसा बापडे, पण ऐका.

मी जातीची ज्वारी. आमचं घराणं मोठं कर्तबगार. दाणा माणसांच्या पोटाला, कडबा गुरांच्या दावणीला, धसकटं चुलीला. आणि थोडे दाणे तव्यावर टाकले की पोरांना तडतडणाऱ्या लाह्या. पाणी कमी पडलं तरी आम्ही कुरकुरत नाही. घराण्यात मी मात्र निघाले वेगळी. माझं कणीस कधी गच्च भरतच नाही. नुसते लांबलचक झुबके, आणि दाणा नावाला. आमच्यासारख्यांच्या केरसुण्या बांधतात. म्हणजे भावंडं ताटात आणि मी दारामागे. तिथूनच लाजेची सुरुवात झाली म्हणा ना.

माझं बी आलं ते एका नव्या नवरीच्या पदराच्या गाठीतून. त्या घरात दोन भाऊ आणि दोन जावा. थोरली जाऊ बियाण्याची राणी. सुगीच्या आधी ती उभ्या पिकात एकटी फिरायची, एकेक कणीस वाकवून बघायची, दाताखाली दाणा फोडायची आणि पसंत पडेल त्याला दोरा बांधायची. तेवढंच बियाणं. तिचं वावर एका उंचीचं, एका रंगाचं, जणू कुणी वरून कात्री फिरवली आहे. आसपासची सगळी घरं पेरणीआधी तिच्याच दारात पिशव्या घेऊन यायची. मोबदला ती घ्यायची नाही. "चांगलं पिकवा म्हणजे झालं," म्हणायची, पण नाक जरा वर जायचं. आणि तिचा एकच दंडक होता: बियाण्याच्या वावरात दुसरं काही लावायचं नाही.

मीठ कुठे ठेवायचं इथपासून त्या घरात सगळं थोरलीचं. धाकटीला वाटायचं, आपलं स्वतःचं असं काहीतरी इथे असावं. बिचारीनं माहेरची मूठभर केरसुणी-ज्वारी बांधावर टोचली. वावरात नको म्हणाल्या ना, मग बांधावर, असा तिचा हिशोब. विचारायला तोंड उघडेना, कारण थोरली नाही म्हणेल याची तिला खात्रीच होती.

आम्ही फुलोऱ्यात आलो तेव्हा थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. दोघे भाऊ आमच्या शेजारून रोज जायचे. पण त्या घरातल्या पुरुषांना बांधावर हत्ती उभा असला तरी दिसला नसता. वारा सुटला की माझा पराग भुरुभुरु वावरात जायचा. मला वाटायचं, काय छान खेळ आहे! केरसुणीची ज्वारी दाणा भरायच्या आतच कापतात, तशी धाकटीनं आम्हाला कापून गोठ्याच्या माळ्यावर वाळत टाकलं. थोरली परतली तोवर बांध साफ. तिनं नेहमीसारखीच कणसं निवडली, दोरे बांधले आणि बियाणं डब्यात भरलं. पुढे मी बांधून तयार झाले. धाकटीनं मला बाहेर काढलं आणि थोरलीला सांगितलं, "माहेरून पाठवलीय."

"छान आहे हो," थोरली म्हणाली. धाकटीचे कान लाल झाले.

बियाणं वाटायच्या दिवशी सकाळीच अंगण माणसांनी भरलं. धाकटी मला घेऊन झाडत होती. तेवढ्यात किराणा दुकानवाल्या मावशींनी मला तिच्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"अगंबाई, किती भरदार! माझ्या आईकडेही असायची ही ज्वारी. पण ती लांब लावायची हो, वावरापासून पार दूर. एकदा बियाण्याशेजारी लावली, वाऱ्यानं सगळी मिसळ झाली, आणि पुढच्या वर्षी आमचे वडील विचारतात, आता काय केरसुण्या दळून खायच्या?"

सगळे खो खो हसले. धाकटी हसली नाही. मावशी मला परत देत होत्या, तर तिला मला धरताही येईना. मी जमिनीवर पडले. मीही आतून चरचरले. वाऱ्यावर पराग उडवायचा तो नुसता खेळ नव्हता तर!

खरं म्हणजे ती गप्प बसू शकत होती. डब्यातला दाणा कुणी कितीही निरखला असता तरी त्यात काही दिसलं नसतं. पीक उगवून वर आल्यावर गोंधळ कळला असता, आणि तेव्हा कोण कुणाला विचारतंय? झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. थोरलीनं झाकण काढलं, माप बुडवलं, पहिली पिशवी पुढे आली.

"ताई, जरा आत येता?"

"आत्ता?"

"आत्ताच या."

मला काखेत घट्ट दाबून धाकटी आत गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बांध, माळा, माहेरचं खोटं, सगळं. थोरली मापातल्या दाण्यांकडे बघत राहिली.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"ओढ्यापलीकडचा तुकडा पडीकच आहे की गं. दिला असता."

त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. धाकटी भिंतीला टेकून रडली. मला तर वाटलं, कुणीतरी काडी काडी सोडून मला चुलीत घालावं.

थोरली बाहेर आली. "यंदा माझं बियाणं बिघडलंय," ती म्हणाली. "खायला न्या, पेरू नका." कारण विचारलं तरी तिनं ब्र काढला नाही. कुणीतरी पुटपुटलं, "वय झालं आता." ते आत धाकटीला ऐकू गेलं.

मग पेरायचं काय? शेजारी एक काका होते, महाआळशी. थोरलीचं गेल्या वर्षीचं बियाणं नेऊन त्यांनी निम्मं पेरलंच नव्हतं. "डबा तसाच आहे," ते डोकं खाजवत म्हणाले. "उघडायचाही कंटाळा." एरवी थोरलीनं त्यांची खरडपट्टी काढली असती. आता ती पिशवी घेऊन त्यांच्या दाराशी निघाली, आणि मागोमाग धाकटी आणि सगळी मंडळी. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?" म्हणून तिनं काकांना द्यायला मलाही बरोबर घेतलं.

जन्मभर देणाऱ्या त्या हाताला पिशवी पसरता येईना. पिशवीचं तोंड सारखं एकीकडे दुमडत होतं. काका मायेनंच बोलले, "वहिनी, एकदा डोळे तपासून घ्या हो."

धाकटीनं तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली.

"ताईंचे डोळे चांगले आहेत," ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी बांधावर ही केरसुणी लावली. न विचारता. ताईंना काहीच माहीत नव्हतं. वर खोटंही बोलले."

मावशींनी नजर वळवली. धाकटीची मान इतकी खाली गेली की तिला समोरचा डबाही दिसत नसावा. काकांनी डब्यातून भरलेलं माप तसंच हवेत धरलं होतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी या काकांकडेच आहे. त्यांच्या आळसामुळे माझी झीजही फारशी नाही, आणि विचार करायला वेळच वेळ आहे. म्हणून हात जोडून विनवते: जीव लावून काही लावाल, तर कुठे लावताय ते आधी विचारा. नकार मिळाला तर घटकाभर तोंड उतरेल, एवढंच. त्या दारात एका दानशूर बाईनं पिशवी पसरलेली मी पाहिली आहे. तसं बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आणि हो, ते हवेत राहिलेलं माप. थोरली पुढे झाली, तिनं धाकटीचे दोन्ही हात पिशवीच्या तोंडाशी नीट लावून दिले.

"घट्ट धर," ती म्हणाली. "आपलं बियाणं आहे, सांडेल."