ओसरीचा उतार

त्या घरात "कशाला?" असे विचारण्याची पद्धत नव्हती. थोरल्या बाईंनी सांगितले की मागच्या दाराची कडी वर बसवा, की ती वर बसे. ती वर का हवी होती, हे पुढे केव्हातरी आपोआप उलगडे, आणि बहुतेक वेळा बाईंचेच म्हणणे बरोबर निघे. त्यामुळे मुलाची आणि सुनेची विचारण्याची सवयच मोडली होती. मुलगा पाठीमागे त्यांना 'सरकार' म्हणत असे. बाईंना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

म्हणूनच घरापुढे ओसरी बांधायची, असे त्यांनी एके दिवशी जेवताना जाहीर केले, तेव्हा सून एवढेच म्हणाली, "कधीपासून, आई?"

"उद्यापासून. माझे गुडघे बोलायला लागलेत. संध्याकाळी उघड्यावर बसायला जागा हवी."

गुडघे बोलत होते, यात खोटे काही नव्हते. मात्र ओसरी गुडघ्यांसाठी नव्हती. ती बाईंच्या धाकट्या बहिणीसाठी होती, आणि नेमके तेच सांगण्याची सोय नव्हती.

धाकटी दुसऱ्या गावी एकटी राहत असे. न्हाणीघरात ती पडली, कमरेखालचे बळ गेले आणि चाकांची खुर्ची आली. इस्पितळातून सुटल्यावर जायचे कुठे, तर थोरलीच्या घरी, नाहीतर म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत. धाकटीने संस्थेत नावही घातले होते.

"तुझ्या घराचं जोतं मांडीएवढं उंच आहे, ताई," ती म्हणाली होती. "मला पोत्यासारखं उचलून आत घ्यायचं आणि पोत्यासारखं बाहेर ठेवायचं. त्यापेक्षा संस्था बरी. तिथे जमीन तरी सपाट आहे."

"मी जोतं बदलून घेते."

"खबरदार! माझ्यासाठी एक वीट जरी हलवलीस, तर तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही." मग तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले. "तसंही कुठे टाकणार आहे म्हणा."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की परिचारिका डोकावून गेली. हसू ओसरल्यावर धाकटी म्हणाली, "एकदा येऊन बघेन. नाही जमलं, तर त्याच गाडीने पुढे संस्थेत. तू अडवायचं नाहीस."

बाईंनी मान डोलावली. लहानपणापासून त्यांनी या बहिणीला हजार वेळा दरडावले होते. पण ती खुर्चीत बसून खालून वर बघत बोलू लागली, तेव्हा त्यांना दरडावता आले नाही.

गवंडी आला. तो बाईंच्या ओळखीतला, हाताचा सफाईदार आणि जिभेचा मोकळा. बाईंनी काठीच्या टोकाने अंगणात रेघ ओढून दिली. "ओसरी इथपर्यंत. वर पत्रा. आणि जमीन उंबऱ्याशी अगदी समतल. वाटाणा सोडला तर घरातून ओसरीवर घरंगळत गेला पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये."

"वाटाण्याची काळजी सोडा, बाई."

"आणि बाजूने, भिंतीलगत, अंगणातून वर येणारा उतार. कुंड्यांची हातगाडी चढवायला."

गवंड्याने मुलाकडे पाहिले, मुलाने आभाळाकडे. बाईंच्या साऱ्या कुंड्या मिळून एका टोपलीत मावल्या असत्या. तरीही "कशाला?" असे कोणी विचारले नाही.

एवढे सांगून बाई धाकटीकडे गेल्या. तिचे घर आवरायचे होते, भांडीकुंडी वाटून टाकायची होती. ओसरीचे काम त्यांच्या माघारी झाले, आणि घोटाळाही त्यांच्या माघारीच झाला. तो कोणी दुष्टाव्याने केला नाही. तो निव्वळ प्रेमाने झाला, आणि प्रेमाने केलेला घोटाळा निस्तरणे सर्वांत अवघड असते.

त्या परतल्या तेव्हा सगळी मंडळी अंगणात उभी होती. पत्रा चढला होता, खांबांना रंग लागला होता. समोर तीन रुंद, दगडी, कडा गोल केलेल्या पायऱ्या होत्या. भिंतीलगत, जिथे उतार यायचा होता, तिथे सिमेंटचा सुबक बाक होता.

"चढून बघा, बाई," गवंडी म्हणाला. त्याने त्या दिवशी सदराही धुतलेला घातला होता. "पाय कधी उचलला ते कळणारसुद्धा नाही."

"दगड हिने निवडलाय," मुलगा म्हणाला. "आणि कुंड्यांचं म्हणशील, तर त्या मी उचलून ठेवत जाईन. तुझ्या गुडघ्यांपेक्षा कुंड्या मोठ्या आहेत का?"

बाई पायऱ्यांकडे पाहत राहिल्या. पायऱ्या खरोखर सुंदर होत्या. त्या प्रत्येक पायरीपाशी त्यांना खुर्चीची पुढची दोन लहान चाके थांबलेली दिसली, आणि त्यामागे गाडीत परत बसणारी धाकटी दिसली. तिचे येणे आठ दिवसांवर येऊन ठेपले होते.

"उतार कुठे आहे?" त्यांनी विचारले. गवंड्याने बाकाकडे पाहिले. त्या मागच्या दाराने घरात गेल्या आणि चहालाही बाहेर आल्या नाहीत.

थोड्या वेळाने सून चहा घेऊन खोलीत आली. कप ठेवून ती निघून गेली नाही. तिने दार लोटले आणि त्या घरात इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते ते विचारले.

"आई, उतार कशाला हवा होता?"

बाईंनी सांगितले. पोत्यापासून संस्थेपर्यंत सगळे सांगितले. सून ऐकता ऐकता पलंगावर बसली.

"हे आधी बोलला असतात तर?"

"तुम्ही विचारलं असतं तर."

"विचारायची सोय ठेवलीये का तुम्ही?"

असे उत्तर त्या घरात बाईंना कोणी दिले नव्हते. त्यांनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता, तरी त्यांनी तक्रार केली नाही.

"नाही ठेवली," त्या म्हणाल्या. "बोलाव गवंड्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली. पायऱ्यांवर दोन जाड फळ्या टाकल्या. मुलगा खुर्चीत बसू लागला, तशी बाईंनी काठी आडवी धरली.

"सर बाजूला. तुझ्या दंडात जोर आहे. धाकटीच्या दंडात असेल तर माझ्याइतकाच."

"आई, पडशील!"

"मग झेल."

त्या बसल्या. पदर खोचला, चाके धरली आणि लोटली. खुर्ची जेमतेम निम्म्या फळीवर गेली, तिथे क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकली आणि मागच्या मागे भरधाव खाली आली. मुलाने एका बाजूने आणि गवंड्याने दुसऱ्या बाजूने तिला धरले. बाईंचा अंबाडा सुटला होता.

"बाई, हा उतार नाही," धापा टाकत गवंडी म्हणाला, "ही घसरगुंडी झाली. सोपा करायचा तर लांब करावा लागेल. फाटकापासून धरू, भिंतीकडेने नेऊ, कोपऱ्यात वळवू. वळणावर सपाट जागा ठेवू, दम खायला."

"मग करा."

"वाटेत माझा बाक येतो."

"फोडा."

"आणि तुमचा गुलाबाचा वाफा."

त्या वाफ्यात मुलाचा चेंडू गेला, तर लहानपणी तो आणायची त्याची छाती होत नसे. आता त्याने श्वास रोखून धरला.

"काढा," बाई म्हणाल्या. "काट्यांतून का न्यायची तिला? आणि पायऱ्या राहू द्या. उतारही असू दे, पायऱ्याही असू देत. ज्याला जिथून यायचं तिथून येईल. कोणी कोणाकडे बघायला नको."

गवंड्याचा पडलेला चेहरा तेव्हा जरा वर आला.

उतार झाला. ओल्या सिमेंटवर त्याने खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. बाजूला हाताच्या उंचीवर लोखंडी कठडा बसवला. उतार पक्का झाला तसा बाईंनी हुकूम काढला, की आता घरातल्या प्रत्येकाने उतारावरूनच जायचे-यायचे, तेही मातीच्या पायांनी. नवेपणा दिसता कामा नये.

धाकटीची गाडी फाटकाशी लागली, तेव्हा सगळे अंगणात होते. ड्रायव्हरने खुर्ची उतरवली, तिला खुर्चीत बसवले. पेटी मात्र तिने गाडीतच राहू दिली, हे बाईंच्या नजरेतून सुटले नाही. मुलगा पुढे सरसावला.

"हात मागे," बाई पुटपुटल्या. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधले. गवंड्यानेसुद्धा.

"हे काय, सगळे शिक्षा झाल्यासारखे उभे?" धाकटी म्हणाली. मग तिने वर पाहिले. "ओसरी नवी दिसते."

"जुनीच आहे."

"सिमेंटचा वास येतोय, ताई."

"तुला लहानपणापासून नको ते वास येतात."

"कोणासाठी बांधलीस?"

"माझ्या गुडघ्यांसाठी."

"तुझ्या गुडघ्यांना चाकं बसवलीत वाटतं?"

धाकटीने उताराकडे पाहिले, खाली वाकून सिमेंटच्या रेघांवरून बोट फिरवले आणि चाके लोटली. भिंतीलगत ती हळूहळू वर सरकू लागली. वळणावर थांबली. मुलाचे खांदे हलले. बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि ते जागच्या जागी राहिले. धाकटीने दम खाल्ला, कठड्याला धरून खुर्ची वळवली आणि उरलेला उतार चढून ती ओसरीवर आली. तशीच उंबऱ्यावरून आत गेली. चाक अडखळले नाही.

सुनेने डोळे पुसले. बाई मात्र दारावरची नजर हलवू शकल्या नाहीत. आतून काही ऐकू येईना.

मग धाकटी पुन्हा दारात आली. कोणाकडे न बघता ती ओसरीवरून उताराला लागली, वळली, खाली आली आणि थेट फाटकाकडे निघाली. तिथे गाडी उभी होती. अडवायचे नाही, असे बाईंनी कबूल केले होते, आणि दिलेला शब्द मोडणे त्यांना येत नव्हते.

धाकटीने फाटकाची कडी स्वतःच्या हाताने काढली. रस्त्यावर जाऊन उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. समोरून जाणाऱ्या सायकलवाल्याला वाट दिली. मग पुन्हा आत येऊन फाटक ओढून घेतले, कडी लावली आणि खुर्ची फिरवली.

"आत येता येतं ते कळलं," ती म्हणाली. "बाहेर पडता येतं का ते बघायचं होतं." आणि फाटकावरून मान वळवून ओरडली, "अहो, पेटी उतरवा माझी! भाडं वाढवत उभे राहू नका."

बाईंचे गुडघे तेव्हा खरोखरच बोलले. त्या पायऱ्यांपर्यंत कशाबशा पोचल्या आणि मधल्या पायरीवर बसल्या. दगड उन्हाने कोमट झाला होता. दोन्ही तळहात त्यावर टेकून त्यांनी मोठा श्वास सोडला.

"पायऱ्या छान झाल्यात हो," त्या गवंड्याला म्हणाल्या.

धाकटी पुन्हा उतार चढत होती. वळणावर थांबून तिने खाली पाहिले.

"ताई, इथे गुलाब होते ना तुझे? कुठे गेले?"

"कीड लागली होती."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "मला कधीच आवडले नाहीत." आणि ती पुढे निघाली.