धुतलेली काच

वत्सलाबाईंचं मन फार चांगलं होतं, आणि घोळ झाला तो तिथंच.

नवागामच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या थुंकी तपासायच्या. तपासून झालेल्या काचपट्ट्या मागच्या उकिरड्यावर जात. एकदा कचरा वेचणाऱ्या मंगलाबाईच्या तळव्यात त्यातलीच एक घुसली, जखम चिघळली आणि पाय कापावा लागला. त्या दिवसापासून वत्सलाबाईंनी एकही काच फेकली नाही. सोड्यात उकळायची, घासायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा वापरायची. क्षयाचे जंतू दिसलेली काच मात्र फोडून पुरायची, असा नियम. पण खड्डा भरला तेव्हा बाईंनी त्याही धुवायला घेतल्या. दोनदा उकळल्यावर काय उरतंय! डॉक्टर पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आमच्याकडे काचेचा कचराच होत नाही."

मग मागावर काम करणारा निंबा खोकत आला. त्याच्या थुंकीत भिंगाखाली तीन लाल काड्या दिसल्या, क्षयाच्या जंतूंच्या. बाईंनी क्षयाचा कागद लिहून दिला. शेठनं दुसऱ्याच दिवशी त्याला मागावरून काढलं.

निंबाच्या पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. बाईंना चैन पडेना. त्यांनी पहिली काच काढून खिडकीशी धरली. निंबाच्या नंबराखाली हिऱ्याच्या कणीनं कोरलेला आणखी एक नंबर होता, घासून पुसट झालेला. त्यांनी वही उघडली. नंबर किसनचा निघाला. किसन महिन्यापूर्वी क्षयानंच गेला होता.

उकळून मेलेले पण काचेला चिकटून राहिलेले जंतू किसनचे होते आणि भोगत होता निंबा. नवा कागद लिहून त्या तशाच धावत निघाल्या.

निंबाची बायको सोनाली दारात ट्रंकेवर बसली होती, पोराला छातीशी धरून. माहेरचा भाऊ रिक्षा आणायला गेला होता. निंबा लांब गटारीच्या कडेला, तोंडावर रुमाल धरून उभा.

"याला काही झालेलं नाही गं! चूक माझी आहे. काच जुनी होती," बाई रडतच म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

सोनालीनं तो घेतला नाही.

"पहिला कागदबी तुम्हीनच लिखा व्हता ना, बाई? आते कोनता खरा मानू? मना पोऱ्या लहान शे."

रिक्षा आली. निंबानं रुमाल आणखी घट्ट धरला आणि पोराला वाट देत तो मागं सरकला.