दोनदा चाळलेला भुसा

आग्रा रोडवर त्या सकाळी ज्यांनी ती वरात पाहिली, ते पोट धरून हसले. पुढे अंबडच्या पुंजाची बैलजोडी, बैलांमागे चऱ्हाट, चऱ्हाटाला बांधलेली हिरवी मोटर, मोटरीत स्टीअरिंग धरून मान खाली घातलेला फारुख, आणि बाजूने पायी चालणारा इब्राहिम मिस्त्री. मिस्त्रीचा चेहरा असा होता, की ओळखीच्या माणसानेही सलाम करताना दोनदा विचार करावा.

टांगेवाल्यांनी मात्र विचारबिचार केला नाही. त्यांची पोटं या मोटरींनी मारली होती, तेव्हा आज त्यांचा सण होता. "काय मिस्त्री, शेवटी बैलच कामाला आले का?" एकाने विचारलं. "बैलांना लायसन काढलंत ना?" दुसरा म्हणाला. इब्राहिम तसाच पुढे चालत राहिला. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. सगळा राग त्याला एजन्सीच्या दारापर्यंत शाबूत न्यायचा होता.

इब्राहिम मिस्त्री भद्रकालीतला टांगे बनवणारा. त्याच्या हातच्या चाकाला नाशिक जिल्ह्यात तोडच नाही. टांग्याची, बैलगाडीची, कुणाचीही चाकं असोत, बाभूळ तो स्वतः पारखून घ्यायचा, तीन-तीन वर्षं वाळवायचा आणि मगच रंधा लावायचा. गेल्या पाच-सहा वर्षांत टांगे कमी झाले तसा तो मोटरींच्या लाकडी बॉड्या बांधू लागला. ते काम घाटमाथा मोटर एजन्सीचं. एका विलायती कंपनीच्या मोटरींची जिल्ह्यातली मुख्य एजन्सी ती; नव्या गाड्या पुढच्या काचेच्या दालनात, जुन्या, वापरलेल्या गाड्या मागच्या अंगणात.

त्या मागच्या अंगणातलीच ही हिरवी गाडी. महिन्यापूर्वी घेतली होती. फारुख हा मिस्त्रीचा भाचाही आणि जावईही. तो टांगा हाकायचा, पण दिवसभर स्टेशनावर उभं राहून दोन फेऱ्या होईनात. तेव्हा मामा-भाच्यांनी ठरवलं, नाशिक ते घोटी मोटर चालवायची. एजन्सीचे मॅनेजर बर्वे मोठ्या मनाचे. म्हणाले, पैसे कशाला, टांगा-घोडा द्या, आणि मिस्त्री, तुमचं ते माडीवरचं सागवान द्या. बारा वर्षं वाळवलेलं सागवान ते. लेकीच्या, रेहानाच्या नावाचं घर बांधायचं म्हणून ठेवलेलं. मिस्त्रीने दिलं. गाडी चालवून पाहिली तेव्हा ती अशी चालली, की मांडीवरचं मूल जागं होऊ नये.

वीस दिवस तशीच चालली. मग गिअरच्या पेटीतून घरघर येऊ लागली, घरघरीचं रडगाणं झालं, आणि काल विल्होळीच्या चढावर सहा उतारू बसलेले असताना आत काहीतरी कडाकडा मोडलं. गाडी मागे घसरू लागली. फारुखने ती बांधाला घातली म्हणून माणसं वाचली. एका म्हातारीचं कपाळ फुटलं, तिने फारुखला ज्या शिव्या दिल्या त्या तो अजून विसरला नव्हता.

निरोप मिळताच मिस्त्री विल्होळीला गेला आणि तिथेच रस्त्यावर त्याने पायाखालची फळी उचकटली. ती फळी त्यानेच बसवलेली होती. पेटीचं बूच पान्ह्याने काढून आत बोट घातलं. तेल यायला हवं होतं, आला काळा लगदा. त्याने तो फडक्यावर घेतला, घासलेटने धुतला. तेल गेलं आणि फडक्यावर राहिला बारीक, एकसारखा, तांबूस भुसा.

झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला लबाड लोक पेटीत भुसा भरतात हे त्याने ऐकलं होतं. भुसा पाहून त्याला संताप आला, पण तो धडधाकट माणसाचा संताप होता. मग त्याने चिमूट बोटांत चोळली आणि पुन्हा एकदा चोळून पाहिली. सागवानाचा भुसा पिवळसर असतो. नाशकातले सगळे सुतार सागवान नाहीतर आंबा कापतात. हा बाभळीचा होता. बाभूळ चाकाची, आणि इतका बारीक भुसा अख्ख्या नाशकात एकाच दुकानात निघत होता.

एजन्सीचा फिटर सोमा दर महिन्याला पोतं घेऊन यायचा. "चाचा, भुसा द्या, जमिनीवरचं तेल टिपायला." मिस्त्री फुकट द्यायचा, कामं देणारी माणसं, भुशाचं काय घ्यायचं? मग एकदा सोमा म्हणाला, "चाचा, चाळून द्या. चुका-खिळे राहत्यात, पायात जात्यात." मिस्त्रीला सोमाच्या पायांची दया आली. आधी चाळणीने, मग बायकोच्या, मासूमाच्या, मैद्याच्या चाळणीने, असा दोनदा चाळून तो द्यायला लागला. मासूमा ओरडली, त्याने तिलाच गप्प केलं. कुठलंही काम हातून अर्धवट जाता कामा नये हा त्याचा बाणा. त्या बाण्यानेच आज त्याचा गळा धरला होता. तेल टिपायला मैद्यासारखा भुसा कशाला लागतो, हे अडाण्यालाही सुचलं असतं. याला दोन वर्षांत सुचलं नाही.

एजन्सीचं फाटक आलं. पुंजाने बैल आत घातले, आणि गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर असताना मिस्त्री म्हणाला, "बस. सोड इथंच."

बर्वे धावतच बाहेर आले. त्यांनी आधी बैल पाहिले, मग गाडी, मग मिस्त्रीच्या हातातलं फडकं. फडकं पाहिल्यावर त्यांनी तोंडभर हसून मिस्त्रीच्या पाठीवर हात टाकला. "अहो मिस्त्री, उन्हात काय उभे? आत या."

"मी आत बसायला नाही आलो. गाडी परत घ्या. माझं सागवान द्या, याचा टांगा-घोडा द्या."

"घोडा तर विकला गेला हो. पण चला तर खरं, तुमचं नुकसान मी होऊ देईन का?"

ऑफिसात दार लोटून घेतल्यावर बर्व्यांचं हसू गेलं. ते हळू आवाजात बोलले, आणि कामाचं बोलले. "ती निळी गाडी पाहिलीत? तिच्यात काही घातलेलं नाही. शपथेवर सांगतो. ती घेऊन जा, आत्ता, या मिनिटाला. हिरवी इथं राहू द्या. फक्त एवढंच, की हे फडकं इथं ठेवा आणि बाहेर काही बोलू नका. चांदवडचे देवराम पाटील आलेत. काळी गाडी त्यांना पसंत आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते घेत नाहीत. तुम्ही नुसती मान हलवायची."

"काळ्या गाडीत पण आहे?"

बर्व्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"बर्वेसाहेब, मी विचारतोय, काळ्या गाडीत पण माझा भुसा आहे?"

"सगळेच करतात मिस्त्री. जुन्या गाड्यांचा धंदा आहे हा. आणि तुम्ही इतके चिडताय, तर भुसा देताना विचारायचं होतं. आम्ही काय चोरून नेला?"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या कानाखाली एक वाजवावी आणि मग दुसरी आपल्याच वाजवावी, असं त्याला झालं. पण दाराच्या फटीतून फारुख दिसत होता. फारुख निळ्या गाडीजवळ उभा होता, तिच्या मडगार्डवरून हात फिरवत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. निळी गाडी मिळाली की सोमवारपासून घोटीची फेरी सुरू. नाही मिळाली तर टांगाही नाही, घोडाही नाही, आणि रेहानाला तिसरं होणार होतं. मिस्त्री बाहेर आला. मान हलवायला काही लागत नाही, असं तो स्वतःला सांगत होता आणि त्याच वेळी स्वतःला शिव्याही घालत होता.

देवराम पाटील काळ्या गाडीत बसूनच होते. कांद्याचे मोठे बागायतदार, अंगाने भरलेले, आवाज मोठा. मिस्त्रीला पाहून ते खुलले. "या इब्राहिमभाई. तुमचीच वाट पाहत व्हतो. तुमच्या चाकांवर आठ वर्षं कांदा वाहतोय, एक आरा हलला नाय. तुम्ही व्हय म्हना, मी गाडी काढतो. सोमवारी लेकीला आनाया मालेगावला जायाचंय, बाळंतपनाला. राहुड घाटातनं बैलगाडीनं नाय आनायची तिला, आवंदा मोटरीनं आनायची."

बर्वे मिस्त्रीकडे पाहत होते. फारुख मिस्त्रीकडे पाहत होता. विल्होळीचा चढ म्हणजे राहुड घाटापुढे पोरखेळ, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"खाली उतरा पाटील," मिस्त्री म्हणाला.

"का बरं?"

"उतरा म्हणतो ना."

पाटील उतरले. मिस्त्रीने फळी उचकटली, पान्हा लावला, बूच काढलं. बर्वे मध्ये आले, सोमाला हाक मारू लागले, पण मिस्त्रीच्या हातात पान्हा होता आणि मिस्त्री तो खाली ठेवत नव्हता. त्याने बोट घालून काळा लगदा काढला आणि पाटलांच्या समोर धरला. "हा भुसा. दाते झिजलेत, आवाज येऊ नये म्हणून भरलाय. महिनाभरात मोडते. माझी काल मोडली, सहा माणसं होती आत."

पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बर्व्यांकडे पाहिलं. बर्व्यांना आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा ते वेगळ्याच माणसासारखे बोलले. "जरूर विचारा त्यांना, पाटील, भुसा कुणाच्या दुकानातला. चाळून कोण देतं तेही विचारा."

मिस्त्रीला खोटं बोलता आलं असतं. भुशावर कुणाचं नाव नसतं. पण इतका वेळ जो राग त्याने सांभाळून आणला होता, तो नेमका इथे येऊन त्याच्याच अंगावर फिरला.

"माझा," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, दोनदा चाळून मीच देतो. तेल टिपायला नेतात असं वाटायचं मला."

"वाटायचं?" पाटील हळूच म्हणाले. मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलला की जास्त लागतं. "तुमी लाकडाला हात लावून त्याचं वय सांगता, अन् दोन वर्षं मैद्यावानी भुसा देता आन् तुमाला ठाव नाय?"

मिस्त्रीने लगद्याचं बोट फडक्याला पुसलं. पाटील खरं बोलत होते, याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

"माझी चाकं हायती तुमच्याकडं, लोखंडी धावा बसवायला दिल्याली," पाटील पागोटं सारखं करत म्हणाले. "तशीच राहू द्या. गडी पाठवतो, घेऊन जाईल." आणि ते फाटकातल्या हिरव्या गाडीला वळसा घालून निघून गेले.

फारुख जवळ आला. "मामू, निळी मिळत होती. नुसती मान हलवायची होती हो तुम्ही."

"माहीत आहे."

"मग आता काय करायचं मी? रेहानाला काय सांगू?"

"मला शिव्या दे. पण घरी जाऊन दे, इथं नको."

बर्वे म्हणाले, आता निळी नाही, सागवान नाही, काही नाही. गाडी पाहून घेतली होती, कागदावर अंगठा आहे, फाटक मोकळं करा. मिस्त्रीने पुंजाला बैल घेऊन जायला सांगितलं. मग हिरव्या गाडीचं दार उघडून तो आत बसला. गाडी फाटकात आडवी. नवी गाडी बाहेर निघेना, गिऱ्हाईक आत येईना, आलंच तर मिस्त्रीच्या समोरून.

आणि प्रत्येकाला मिस्त्री सांगायचा. आधी स्वतःचं सांगायचा. "मी इब्राहिम मिस्त्री, भद्रकालीतला. भुसा माझ्या दुकानातला." मग एजन्सीचं. पहिल्या दिवशी तीन माणसांना सांगितलं. दोघं परत गेली, तिसरा म्हणाला, मिस्त्री, तुम्ही पण? दुसऱ्या दिवशी बर्व्यांनी पोलीस बोलावला. पोलिसाच्या मेव्हण्यानेच तिथून गाडी घेतली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, गाडीचं बूच कुठे असतं ते विचारलं आणि तो गेला. सोमा फाटकाशी आलाच नाही, मागच्या भिंतीवरून ये-जा करू लागला. फारुखने पहिला दिवस घरी काढला. दुसऱ्या दिवशी मासूमाने दिलेला डबा घेऊन आला, डबा मडगार्डवर ठेवला आणि फूटबोर्डावर बसून राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी बर्वे फाटकाशी आले. डोळे तांबारलेले. "घ्या तुमचं सागवान. टांगा आहे, घोड्याऐवजी दुसरा घोडा घ्या, दोन वर्षांनी लहान आहे. आणि उतरा खाली. जिंकलात."

परत बोलावलेल्या पुंजाच्या बैलगाडीवर सागवान चढलं. मिस्त्रीने एकेक फळी मोजून नाही, हात फिरवून पाहिली. फारुखने नवा घोडा टांग्याला जोडला. घोडा अडेल होता, पण घोडा होता. सोमाने आणि चार माणसांनी हिरवी गाडी मागच्या अंगणात ढकलली. चार दिवसांनी फाटक मोकळं झालं.

त्या मोकळ्या फाटकातून एक अनोळखी माणूस आत आला. पांढरी टोपी, हातात छत्री, बरोबर बायको. "जुनी एखादी बरी गाडी मिळेल का?" त्याने विचारलं. बर्व्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू परत आलं. त्यांनी त्या माणसाच्या पाठीवर हात टाकला.

मिस्त्री टांग्याच्या पायरीवर चढलेला पाय खाली ठेवून परत फिरला.

"अहो, आता काय?" बर्वे म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "तुमचं तुम्हाला मिळालं ना सगळं?"

"मिळालं," मिस्त्री म्हणाला, आणि त्या माणसाकडे वळला. "मी इब्राहिम मिस्त्री, भद्रकालीतला. भुसा माझ्या दुकानातला आहे."

फारुखने लगाम सैल सोडला आणि पुंजाला सांगितलं, बैलांना थोडी वैरण टाक, वेळ लागेल.