काळ्या फडक्याची टेकडी

डोळे मिटा आणि मनात बर्फाचा डोंगर आणा. आता त्यातलं पांढरं पुसून पिवळसर वाळू भरा, अंगातला स्वेटर काढून सुती फ्रॉक घाला, की पोहोचलात तुम्ही कतारला, उम सईदच्या पलीकडे. साल १९८२, वार शुक्रवार, सुट्टीचा.

तिथे नऊ वर्षांची जैतून वाळूवरून घसरायची फळी बगलेत मारून उभी होती. फळी केली होती धोंडीराम सुतारानं. तो साताऱ्याकडचा, जैतूनच्या अब्बांचा, म्हणजे रहमानचा, दोस्त. कामावरच्या एका साहेबानं त्याला बर्फावर घसरायच्या उतारांचा नकाशा दाखवला होता: नवशिक्यांचा उतार हिरवा, थोडं शिकलेल्यांचा निळा, तरबेजांचा काळा. धोंडीरामला ते इतकं पटलं की त्यानं वाळूच्या तीन टेकड्यांवर त्या रंगांची फडकी रोवली. नियम एकच. पायथ्याशी ओढलेल्या रेघेच्या आत टाचा रुतवून थांबायचं. तीनदा जमलं की पुढचं फडकं.

जैतूनचं हिरवं झालं होतं, निळ्यावर दोनदा जमलं होतं. सोमवारी ती अम्मीबरोबर रत्नागिरीला परतणार होती. काळं आज नाही तर नाहीच. आज ते करणारच, असं तिनं तेरा वर्षांच्या चुलतभावाला, शफीकला, सांगूनही टाकलं होतं.

फळी जास्त पळावी म्हणून तिनं ती गुपचूप अम्मीच्या खोबरेलानं चोपडली. घरी दाराच्या बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला तेच लागायचं. पण तेलाला वाळू चिकटली. फळी चार हातांवर अडली आणि जैतून तिच्याशिवाय पुढे गेली, नाकावर.

शफीक हसून लोळला. धोंडीराम रागावला नाही. पत्र्याच्या तुकड्यानं त्यानं फळी खरवडली, जैतूनच्या हातात मेणबत्ती दिली आणि तळ गुळगुळीत होईपर्यंत घासायला लावली. तोवर ऊन कललं. रहमाननं गाडीजवळून हाक दिली, यल्ला, चला, एकच खेप, मग निघायचं.

"निळ्यावर गेलीस तर काळं राहिलं," शफीक म्हणाला. "दोन काय नि तीन काय. धोंडीरामकाका कुठं बघतायत?"

काका खरंच सामान उचलून गाडीकडे निघाले होते. जाता जाता एवढंच म्हणाले, "पोरी, टाचा तुझ्या आहेत. वर उभी राहून त्यांनाच विचार."

जैतून काळ्यावर चढली. वरून पायथ्याची रेघ दोऱ्याएवढी दिसत होती. तिनं टाच रुतवून पाहिली, तर वाळूच सरसर खाली गेली.

"काय गं, पोस्टानं येतेस का?" खालून शफीक.

तिनं फळी डोक्यावर घेतली, टेकडीच्या मागच्या सौम्य बाजूनं चालत उतरली, निळ्यावर चढली, बसली आणि सुटली. रेघेच्या आत टाचा रुतवून थांबली आणि शफीकला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन."