केरू

राकेशने बाबांच्या थडग्याच्या संगमरवरावर खडूने रेघा आखल्या आणि विचारलं, "ताई, फायनल काय कोरू?"

"दानिएल ऊर्फ केरू."

"केरू नाही," शालोमकाका म्हणाले. बाबांचे हे धाकटे भाऊ सकाळीच परळहून आले होते. "सीमा, आपल्या दफनभूमीत कुणाच्या थडग्यावर केरकचरा वाचलायस कधी?"

बाबांच्या आधी आजीची दोन मुलं गेली होती. बाबा झाले तेव्हा लालबागच्या चाळीतल्या मालनबाईंनी त्यांना सुपात घालून केराच्या डब्याशी ठेवलं, उचलून आजीच्या ओटीत दिलं आणि म्हणाल्या, "केरात सापडला. केरू म्हण, कुणाची नजर जाणार नाही." आम्ही ज्यू, त्या कोकणातल्या मराठा. आजीने मुकाट्याने ऐकलं. दानिएल हे नाव शाळेत आणि सिनेगॉगमध्ये राहिलं. चाळीत ते मरेपर्यंत केरूच होते.

"काका, शास्त्रातल्या ज्या दानिएलचं नाव बाबांना ठेवलं, त्यालाही बाबेलात परकं नाव मिळालंच की. बेल्टशस्सर."

"ते बाबेलच्या राजाच्या देवाचं. तो राजा स्वतःच तसं म्हणतो. कैद्यावर लादलेलं नाव ते."

"राजा म्हणतो. पण बरेच अभ्यासक म्हणतात, मूळ शब्द बाबेलच्या अक्कदी भाषेतले आहेत आणि अर्थ आहे, याचा जीव राख. कुठल्या देवाला म्हटलंय, ते त्यात उरलेलंच नाही. लादलेलं होतं, खरंय. तरी दानिएलची गोष्ट अरामी भाषेत लिहिणाऱ्याने ते गाळलं नाही."

"फार वाचतेस तू."

"बाबांनीच लावलेली सवय."

काका खुर्चीत बसले. "लोक हसतील गं."

"हसू देत. मालनबाईंनी तेच मागितलं होतं, जीव राख. तुम्ही झालात तेव्हा सूप आणावं लागलं नाही. तुम्हाला एका नावात भागलं, कारण केरू जगला होता."

मी माघार घेणार नव्हते. बाबांना केरू म्हणून हाक मारणारं आता कुणी नव्हतं. नाव इथे नसतं, तर कुठेच नसतं.

"अक्षर बारीक ठेव मग," काका म्हणाले.

"सारखंच राहील," मी म्हणाले.

ते उठले, चष्मा पुसून रेघांवर वाकले. "राकेश, ते खाली नको घालूस. खाली आमच्या वडिलांचं नाव येतं. दानिएलच्या शेजारी घे. मावेल ना?"

"मावेल," राकेश म्हणाला, आणि ओल्या फडक्याने खडू पुसून त्याने पहिल्यापासून आखायला घेतलं.