दुसऱ्याच्या नावाचा ताईत

मी बनूबाईंचा ताईत बोलतोय. तसा मी काही मंतरलेला ताईत नाही. गळ्यात घालायचं मदतीचं बटण आहे मी. पोटात सिमकार्ड, बारीकसा स्पीकर आणि माइक. कोणी पडलं, घाबरलं, की मला दाबायचं. मदत केंद्रातला माणूस माझ्यातूनच बोलतो. पण बनूबाईंनी मला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर ताईतच हाय!" तेव्हापासून मी ताईत.

त्यांच्याआधी मी उल्हासनगरला श्यामकांतांच्या गळ्यात होतो. ते शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. बनियनला मशिनच्या तेलाचा वास, आणि त्या वासात मी. त्यांनी मला कधीच दाबलं नाही. झोपेतच गेले. त्यांच्या मुलीने, प्रगतीने, मला रुमालात गुंडाळून अंबरनाथला माझ्या कंपनीच्या ऑफिसात परत दिलं.

माणूस कुठेही गेला तरी त्याचं नाव त्याच्यासोबत जातं. माझं तसं नाही. मी कोणाच्या गळ्यात आहे, कोणत्या पत्त्यावर, फोन कोणाला करायचा, हे सगळं दूर क्लाउडमधल्या रजिस्ट्रीत, कंपनीच्या नोंदवहीत असतं. तिथे जे लिहिलंय, तोच मी.

ती माहिती कंपनीतला भूपेश बदलतो. तो कोड चालवतो आणि एका दमात सगळ्या बटणांच्या नोंदी नव्या होतात. त्या दिवशी मी त्याच्या टेबलावरच होतो. माझ्या नव्या पत्त्यात बनूबाईंच्या सुनेने, मीनाने, कंस करून लिहिलं होतं, 'तलावाच्या मागे'. रजिस्ट्रीला कंस चालत नाही. माझी नवी नोंद नाकारली गेली. पडद्यावर एक लाल ओळ आली, तिच्याखाली भराभर हिरव्या ओळी आल्या, लाल ओळ वर सरकून दिसेनाशी झाली. भूपेशने लॅपटॉप मिटला आणि चहाला गेला. ओरडायची सोय माझ्यात नाही.

बनूबाई वांगणीच्या वरच्या पाड्यातल्या. नवरा गेल्यावर मुलगा विकास त्यांना बदलापूरला घेऊन आला. उंच इमारत, इंग्रजी नाव. ते त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. सकाळी विकास-मीना कामाला जायचे. मग घरात त्या आणि मी.

एका सकाळी न्हाणीघरात त्यांचा पाय सरकला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या माइकने ऐकला. त्यांनी मला घट्ट दाबलं.

"श्यामकांत काका, मी मदत केंद्रातून अभिजीत. पडलात का?"

"कोन श्यामकांत? मी बनू हाय. माजा पाय हलत नाय रं."

अभिजीतने नोंदीतला पत्ता पुन्हा बघितला. त्याने ॲम्ब्युलन्स आधीच उल्हासनगरला पाठवली होती.

"आजी, तुम्ही कुठे आहात?"

"पोराच्या घरी. बदलापूरला."

"बिल्डिंगचं नाव काय?"

"ठाव नाय. लई उंच हाय. तलाव दिसतो."

"मुलाचा नंबर?"

"फोनमंदी हाय. फोन पलंगावं ऱ्हायला."

मी तिथेच होतो हो, त्यांच्या छातीवर! आणि मला बोलता येत नव्हतं.

अभिजीतने नोंदीतला नंबर लावला आणि तो फोन माझ्याशी जोडला. पलीकडे प्रगती होती.

"कसली चेष्टा आहे ही? पप्पा वारले माझे!"

तेवढ्यात बनूबाई कण्हल्या. प्रगतीने ते ऐकलं.

"थांबा," ती म्हणाली, "ते बटण मी अंबरनाथला भूपेशकडे दिलं होतं. त्याचा नंबर देते."

अभिजीत भूपेशला फोन लावेपर्यंत प्रगती बोलत राहिली.

"आजी, डोळे मिटू नका. मी प्रगती."

"कोनाची गं तू?"

"श्यामकांतांची."

"तेंचा ताईत का ह्यो?"

"हो आजी. त्यांचाच."

"बरा व्हता का तुजा बाप?"

"खूप बरा होता," प्रगती म्हणाली.

मग भूपेशचा आवाज आला. "अरे यार, ये तो फेल हुआ था! मी बघितलंच नाही." कीबोर्ड खडखडला. त्याने कंस काढला, कोड पुन्हा चालवला. अभिजीतच्या पडद्यावर बनूबाईंचं नाव आलं, पत्ता आला, मीनाचा नंबर आला. त्याने ॲम्ब्युलन्स बदलापूरला वळवली, मीनाला फोन लावला. तोवर बनूबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की माझा माइकही तो नीट उचलत नव्हता. मीना धावत आली, "आई! आई गं!" म्हणत खाली बसली, तेव्हा त्या शुद्धीत नव्हत्या.

ऑपरेशन झालं. बनूबाई वाचल्या, वॉकर धरून घरी आल्या. विकासने मला त्यांच्या गळ्यात घालायला घेतलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"नगं. मी हितं मरत व्हते आन् ह्यो मेलेल्या मान्साला हाका मारीत व्हता."

विकासने समजावलं, मीनाने हात जोडले. त्या ऐकेनात. आता मी दाराजवळच्या खिळ्याला लटकतोय.

आजही सकाळी विकास-मीना गेले, दार बंद झालं. फरशी ओली आहे. वॉकरचा रबर झिजलाय, त्याचा आवाज मला ओळखता येतो. बनूबाई न्हाणीघराकडे निघाल्यात.

बनूबाई, माझ्या नोंदीत आता तुमचंच नाव आहे. भूपेशने ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिलंय. पण हे तुम्हाला मी कसं सांगू? कोणी दाबल्याशिवाय मी मुका. तुमच्या वाटेतच, या खिळ्यावर मी आहे. थांबा, हात जरा वर करा. मला खाली काढा.